विमानाशेजारचा माणूस

ट्रंकेच्या तळाशी तो फोटो सापडला, तेव्हा हेडक्लार्कचा जीव भांड्यात पडला. हवाई तळाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि त्यानिमित्त इतिहासाचं दालन उघडायचं फर्मान साहेबांनी सोडलं होतं. इतिहास म्हणून आतापर्यंत हाती लागलं होतं काय, तर एक गंजलेला भोंगा आणि 'धावपट्टीवर शेळ्या सोडू नयेत' अशी पाटी.

फोटोत बेटावर उतरलेलं पहिलं विमान होतं. त्याच्या शेजारी विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेला एक माणूस पंख्यावर हात ठेवून, छाती काढून उभा होता. टोपीच्या सावलीत तोंड झाकलेलं. दिसत होते ते फक्त कान, आणि तेही सुपाएवढे.

"कोण हा?" साहेबांनी विचारलं.

"मागे काही लिहिलेलं नाही, साहेब."

"मग शोधा. बेटावरचाच दिसतोय. याच्या वारसाचा सत्कार करू आणि विमानातून बेटाभोवती एक चक्कर मारून आणू."

आता हे बेट म्हणजे विमानांच्या आवाजात जन्मलेलं आणि वाढलेलं. तळाचा बाराचा भोंगा झाला की घराघरात पानं मांडली जात. विमान उतरायचं असलं की धावपट्टीवरून जाणाऱ्या रस्त्याचं फाटक बंद होई, आणि शाळेत उशिरा येणाऱ्या प्रत्येक पोराचं कारण तेच असे. पण तीन पिढ्या माना वर करून विमानं पाहणाऱ्या या बेटावरचं एकही माणूस कधी विमानात बसलं नव्हतं.

हेडक्लार्कची चूक एवढीच झाली, की त्याच संध्याकाळी तो केस कापायला गेला आणि न्हाव्याजवळ विषय काढला. त्यापेक्षा दवंडी पिटली असती तर कमी लोकांना कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधीच बेकरीवाला दारात हजर. "माझे आजोबा ते! कान बघा ना," म्हणत त्याने टोपी काढली.

"याचे आजोबा विमान दिसलं की खाटेखाली घुसायचे," मागून लाँचवाला म्हणाला. "ते माझे आजोबा. पेट्रोलची पहिली पिंपं त्यांनीच होडीतून आणली."

दुपारपर्यंत अकरा वारस जमले. हेडक्लार्क नियमाने चालणारा माणूस. त्याने फूटपट्टी काढली आणि प्रत्येकाच्या कानाचं माप लिहून घ्यायला सुरुवात केली. शाळेच्या हेडबाईंचा डावा कान पट्टीवर असतानाच साहेब आत आले.

"हे काय चाललंय?"

"इतिहास, साहेब."

रात्री हेडक्लार्क घरी जेवायला बसला, तर सासूबाई वाढता वाढता थांबल्या. "जावईबापू, गावभर मापं घेत सुटलात, घरात नाही विचारलंत. ते माझे वडील आहेत."

"आई, तुम्ही याआधी कधी बोलला नाहीत!"

"तुम्ही कधी विचारलंत?"

"आई कशाला खोटं बोलेल?" बायको म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या जरा जोरातच आपटला.

सासूबाईंना डावललं तर घरात धडगत नव्हती. त्यांना निवडलं तर बेटावर तोंड दाखवायची सोय नव्हती. हेडक्लार्क गप्प बसला. पण बेट गप्प बसलं नाही. बेकरीवाल्याने तळाचा पाव बंद केला. लाँचवाल्याने बेकरीचं पीठ आणायचं नाकारलं, त्यामुळे पोती पलीकडच्या धक्क्यावर पडून राहिली. हेडबाईंनी वर्गाला 'माझे पणजोबा आणि विमान' असा निबंध दिला, आणि चाळीस पणजोबांवरून मधल्या सुट्टीत चाळीस पोरं एकमेकांच्या उरावर बसली.

तीन दिवस कोरडी बिस्किटं चावून साहेबांचं डोकं फिरलं. "उद्या समारंभ आहे. आज माणूस ठरला नाही, तर परवा तुमची बदली!"

हेडक्लार्कला एकदम सुईणआजी आठवली. वय शहाण्णव. विमान उतरलं त्या दिवशी धावपट्टीवर हजर असलेलं, अजून हयात असलेलं एकुलतं एक माणूस. अर्धं बेट तिच्या हातावर जन्मलेलं, तेव्हा तिचा शब्द खाली पाडायची कुणाची टाप नव्हती.

सगळे वारस तिच्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिले. हेडक्लार्क उशाशी होता. आजीने फोटो हातात घेतला, डोळ्यांपाशी नेला आणि बराच वेळ निरखला. आजीने फोटो उलटा धरला होता! विमानाची चाकं आभाळात होती. तो तोंड उघडणार, तोच आजी कडाडली.

"हा? हा तर पेट्रोलचोर! विमान उतरून तास झाला नाही, तर दोन डबे लांबवलेन मेल्याने. पकडला तेव्हाचा फोटो आहे हा."

बेकरीवाल्याने टोपी कानांवरून खाली ओढली.

"आमच्या आजोबांचे कान तसे लहानच होते," तो पुटपुटला.

"आमचे तर त्या दिवशी तापाने फणफणले होते," लाँचवाला म्हणाला, आणि बेकरीवाल्याच्या खांद्यावर हात टाकून बाहेर पडला. "चल, तुझं पीठ आणून टाकू."

हेडबाईंना वर्गाची आठवण झाली. रविवार होता, पण कुणी बोललं नाही. बघता बघता खोली रिकामी झाली.

भांडण मिटलं, पण वारसच उरला नाही. उद्या विमानात बसवायचं कुणाला? हेडक्लार्क कपाळाला हात लावून उभा असताना दारातून आवाज आला.

"चोर तर चोर." सासूबाई पदर खोचून उभ्या होत्या. "बाप माझाच आहे."

समारंभात साहेबांनी त्यांच्या सच्चेपणावर दहा मिनिटं भाषण केलं. सासूबाई पायऱ्या चढल्या, पट्टा बांधून घेतला आणि विमानाने बेटाला एक नाही, दोन चकरा मारल्या. खाली अख्खं बेट डोळ्यांवर हात धरून वर बघत होतं. बेकरीवाला पावाची टोपली घेऊन आला होता, तो ती खाली ठेवायचंही विसरला.

संध्याकाळी चहा पिताना हेडक्लार्कला राहवलं नाही.

"आई, मनाला लावून घेऊ नका. आजीने फोटो उलटा धरला होता, मी पाहिलं. तुमचे वडील चोर नव्हते."

सासूबाईंनी मुलगी स्वयंपाकघरात असल्याची खात्री करून घेतली आणि आवाज खाली आणला.

"अहो जावईबापू, तो माझा खरा बाप असता, तर चारचौघांत त्याला चोर म्हणणाऱ्या म्हातारीला मी अशी सोडली असती होय?"

हेडक्लार्कने कप खाली ठेवला. "मग तो माणूस कोण?"

"कोण का असेना. तुम्ही त्या फोटोला एक बरीशी चौकट करून घ्या," सासूबाई बशीत चहा ओतत म्हणाल्या. "बिचाऱ्याला चोर ठरू देऊन मी विमानात बसून आले."