जवाईबापूंचा हात

शनिवारी दुपारी तीन वाजता ऋषिकेशच्या लक्षात आलं, की लाइट खाली आला आहे. फार नाही, चार बोटं. पण सकाळी लाइट आणि त्याच्या शेजारचा कॅमेरा एका रेषेत होते. आता कॅमेरा होता तिथंच होता, लाइटनं मात्र मान टाकली होती.

लाइटच्या बरोबर खाली रुखमाबाईंचं नाक होतं.

रुखमाबाई म्हणजे ऋषिकेशच्या बायकोची, मिनलची, आजी. संध्याकाळी सहा वाजता त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला हुडकेश्वरच्या समाजभवनात दीडशे माणसं जमणार होती, आणि मिनल काल सकाळपासून तिथल्या फरशीवर बसून आजीचा चेहरा रांगोळीनं काढत होती. बारा फूट लांब, बारा फूट रुंद. पांढरे केस, परातीएवढं कुंकू, डोक्यावरून हिरव्या लुगड्याचा पदर. लग्नाआधी मिनलनं रांगोळीत बक्षिसं मिळवली होती. लग्नानंतर दोन वर्षांत तिची रांगोळी उंबऱ्यापलीकडे गेली नव्हती. त्यामुळे तिच्या वडिलांनी, रुपरावांनी, ही गोष्ट फारच मनावर घेतली होती. येईल त्याला हाताला धरून ते समाजभवनात आणत आणि म्हणत, "पाहा. हुबेहूब माय."

पहिल्या चिमटीपासून शेवटच्या चिमटीपर्यंत या चेहऱ्याचा व्हिडिओ करायचा, ही कल्पना ऋषिकेशची. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण सासुरवाडीला यायचं आणि नुसतं जेवून जायचं, याचा त्याला संकोच वाटू लागला होता. त्या घरात जावयानं पाण्याचा पेला स्वतः उचलला, तरी सासूबाई प्रेमिलाबाई कानकोंड्या होत. म्हणून कामठीच्या एका फोटोग्राफर मित्राकडून त्यानं दोन मॅजिक आर्म मागून आणले. हे लोखंडी हात असतात. एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला कॅमेरा नाहीतर लाइट, आणि मध्ये खांदा, कोपर, मनगट असे तीन सांधे. तिन्ही सांध्यांना चावी एकच, कोपरावर. ती आवळली की हात ताठ, सैल पडली की तिन्ही सांधे एकदम लुळे.

शुक्रवारी सकाळी रिकाम्या फरशीवर शिडीची घोडी उभी करून तो वर चढला आणि टिनाच्या छताखालच्या लोखंडी अँगलला त्यानं दोन्ही हात बसवले.

"पडन तं नाई ना हे?" खालून रुपरावांनी विचारलं होतं.

"मामाजी, तुम्ही लटकले तरी पडनार नाही."

रुपराव लटकले नाहीत, पण तेव्हापासून घरादारात त्या वस्तूला 'जवाईबापूंचा हात' असं नाव पडलं. दुपारी मिनलच्या डोक्याची सावली पडायला लागली, म्हणून ऋषिकेशनं लहान लाइट काढून मोठा लावला. तो लहानाच्या तिप्पट जड होता. तेव्हा फरशीवर फक्त खडूच्या रेघा होत्या, घोडी सहज उभी राहिली. ती जिथं उभी राहिली होती, तिथं आता नाक होतं.

"मिनल," ऋषिकेश हळूच म्हणाला, "लाइट थोडासा खाली आला."

मिनल पदराच्या काठात पिवळा रंग भरत होती. तिनं वर पाहिलं, मग नाकाकडे पाहिलं. "पडन का?"

"पडू शकते. पन मी पडू देनार नाही."

"राहू द्या," ती म्हणाली. "पडलं तं पडलं."

दोन वर्षांच्या संसारात ऋषिकेश एक गोष्ट शिकला होता. बायको ओरडते तेव्हा राग निम्मा असतो, आणि 'राहू द्या' म्हणते तेव्हा पूर्ण. मिनल पुन्हा काठ भरायला लागली आणि त्यानंतर तिनं वर पाहिलंच नाही. त्याच्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला. अर्थात त्यात उकाड्याचाही वाटा होता. मे महिना, वर टिन, आणि रांगोळी उडू नये म्हणून भिंतीवरचे आठही पंखे बंद.

साडेतीनला लाइट वीतभर खाली आला. तेही चाललं असतं, पण लाइटची काळी वायर अँगलवरून ऐसपैस सोडलेली होती. लाइट जसजसा खाली येई, तसतसा वायरचा झोळ खाली लोंबू लागला. पावणेचारला तो झोळ रुखमाबाईंच्या वरच्या ओठापासून हातभर अंतरावर झुलत होता. तो टेकला असता तर ऐंशीव्या वाढदिवसाला आजींना मिशी फुटली असती.

समाजभवनाचे चौकीदार धोंडबा दारात उभे राहून हे सगळं पाहत होते.

"फळी टाकून जाता येईन का हो वरून?" ऋषिकेशनं विचारलं.

"मांडववाल्याच्या फळ्या सहा फुटी हायेत, साहेब. मधात पाय द्या लागन." धोंडबांनी थोडा विचार केला. "पन बांबू हाये. जाळे काढाचा."

दहा फुटी बांबूच्या टोकाला खिळा वाकवून आकडा केला. ऋषिकेशनं काठावर उभं राहून तो आडवा पुढे सरकवला. दहा फुटी बांबूचं एक टोक धरलं की दुसरं टोक आपल्या मनानं वागतं. ते आधी कपाळावर घिरट्या घालून आलं, मग कानाकडे गेलं, आणि चौथ्या खेपेला त्यानं वायर पकडली. झोळ वर उचलला गेला. ऋषिकेशनं समाधानाचा श्वास सोडला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आता बांबू सोडता येणार नाही.

नेमके त्याच वेळी रुपराव हारांची टोपली घेऊन आत आले. "काहून गा, काय होऊन राहिलं हे?"

कोणी काही लपवावं अशी परिस्थिती नव्हती. ऋषिकेशनं सगळं सांगितलं. दुसऱ्या कोणत्याही माणसानं हा घोळ घातला असता, तर रुपरावांनी त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली असती. पण समोर जावई होता. त्यांनी टोपली खाली ठेवली, धोतराचा सोगा खोचला आणि म्हणाले, "होते, होते. यंत्र हाये शेवटी. आना तो बांबू इकडे."

"तुम्ही कशाला मामाजी, मी धरतो."

"तुम्ही लाइट पाहा. तुमाले समजते त्याच्यातलं."

बांबू हस्तांतरित झाला. ऋषिकेशनं लाइट पाहिला. तो आणखी वीतभर उतरला होता आणि आता माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर आला होता. धोंडबांनी दुसरा बांबू आणला, त्याच्या टोकाला लाकडाचं बेचकं बांधलं, आणि ऋषिकेशनं ते काठावरून नेऊन लाइटच्या खाली टेकवलं. लाइट थांबला.

सव्वाचारला दृश्य असं होतं. रांगोळीच्या पूर्वेला सासरे बांबूनं वायर उचलून उभे, पश्चिमेला जावई बांबूनं लाइट तोलून उभा, आणि मध्ये मिनल खाली मान घालून काठाच्या शेवटच्या वितेवर आलेली. धोंडबा खुर्च्या लावायला निघून गेले, कारण त्यांना तेवढंच काम नव्हतं.

"मोठ्या मनाची पोरगी हाये," रुपराव रांगोळीवरून पलीकडे म्हणाले. "एक शब्द बोलली नाई."

"तेच तं," ऋषिकेश म्हणाला. त्याचे खांदे भरून आले होते.

पाच वाजता प्रेमिलाबाई पन्ह्याची बादली घेऊन आल्या. आत पाऊल टाकताच त्या म्हणाल्या, "अगं बाई, किती उकडून राहिलं वं इथं," आणि त्यांनी पंख्यांच्या बटणांकडे हात नेला. दोन्ही बांबूंकडून एकदमच "नको" असा आवाज आला. तो इतका खालच्या पट्टीतला आणि इतका गंभीर होता, की प्रेमिलाबाईंनी करंट बसल्यासारखा हात मागे घेतला.

सगळा प्रकार समजल्यावर त्यांना एकाच गोष्टीचं वाईट वाटलं. "जवाईबापू तवापासून उभेच हायेत? आन् काही घेतलं नाई?"

"मामीजी, हात मोकळे नाहीत ना."

"हात कशाले पायजेत," म्हणत त्यांनी पेला भरला आणि त्याच्या तोंडाला लावला. तेवढ्यात कार्यक्रमाचे पहिले पाहुणे, नरखेडचं एक वयस्कर जोडपं, दारात आलं. सासू जावयाला पन्हं पाजते आहे आणि जावई भालदारासारखा बांबू धरून उभा आहे, हे पाहून त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि काहीतरी विधी चालला आहे अशा समजुतीनं हात जोडून भिंतीशी बसले. त्यांच्यामागून येणारेही तसेच बसत गेले. साडेपाचपर्यंत पन्नास माणसं भिंतीला टेकून, घाम पुसत, अजिबात आवाज न करता बसली होती. दर दोन मिनिटांनी कोणीतरी "काय नाक काढलं" असं पुटपुटे, आणि दोन्ही बांबू आणखी घट्ट धरले जात.

मिनलनं शेवटची चिमूट सोडली, उठून हात झटकले आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. ऋषिकेशनं तिच्याकडे पाहून क्षमा मागितल्यासारखा चेहरा केला. तिनं नजर दुसरीकडे वळवली.

सहाला रुखमाबाई आल्या. नवं हिरवं लुगडं, हातात काठी, पण काठीवर भार नाही. शेतात उन्हातान्हात पन्नास वर्षं वावरलेल्या बाईची पाठ ऐंशीतही फारशी वाकली नव्हती. त्यांनी आधी भिंतीला टेकलेली माणसं पाहिली, मग बांबू धरलेला आपला मुलगा पाहिला, मग नातजावई पाहिला, आणि शेवटी फरशीवरचा चेहरा पाहिला. बराच वेळ पाहिला.

"ही तं प्रयागबाई होय," त्या म्हणाल्या.

प्रयागबाई म्हणजे रुखमाबाईंची नणंद. ती काटोलला राहत असे. एका तांब्याच्या हंड्यावरून दोघींचं चाळीस वर्षं बोलणं नव्हतं आणि आजही ती आली नव्हती.

"नाई माय," रुपराव घाईनं म्हणाले. "तूच होय. हुबेहूब."

"मले माहं नाक माहीत नाई का? हे नाक प्रयागबाईचं हाये." त्यांनी विषय तिथंच सोडला. "आन् तू दांडा धरून काहून उभा?"

रुपरावांनी सांगितलं. लाइट पडेल, वायर टेकेल, वर चावी आहे, ती आवळायला मधात जावं लागेल, आणि मधात जाता येत नाही.

"काहून जाता येत नाई?"

"रांगोळी हाये ना, माय."

रुखमाबाईंनी काठी प्रेमिलाबाईंकडे दिली, चपला काढल्या, लुगडं घोट्याच्या वर उचललं आणि त्या निघाल्या. पदरावरून हनुवटीवर, हनुवटीवरून ओठांवर. पन्नास माणसांचा श्वास अडकला. नाकावर आल्यावर त्या थांबल्या, पाय नीट रोवले, दोन्ही हातांनी लाइट धरला आणि म्हणाल्या, "धरलं म्या. या आता, जवाईबापू."

ऋषिकेशनं बांबू खाली ठेवला. आजींच्या पावलांवर पाऊल ठेवत, जास्त काही बिघडू नये म्हणून चवड्यांवर चालत, तो नाकापर्यंत पोचला. हात उंचावून त्यानं कोपरावरची चावी आवळली, इतकी की बोटं पांढरी पडली. लाइट थांबला. आता तो थेट रुखमाबाईंच्या खऱ्या चेहऱ्यावर पडत होता.

"इथं बरं दिसते," त्या इकडेतिकडे पाहत म्हणाल्या. "खुर्ची आना माही इथंच."

खुर्ची नाकावर मांडली गेली. प्रेमिलाबाईंनी औक्षण केलं. मग पाया पडायला माणसं निघाली, आणि आजी मध्ये बसलेल्या असल्यामुळे ज्याला पाया पडायचं त्याला रांगोळीतून जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आधीचे दोन-चार कडेकडेनं गेले. नंतरच्यांनी ते सोडून दिलं. रुपराव आणखी पंधरा मिनिटं वायर धरून होते, मग धोंडबांनी जाऊन त्यांच्या हातातून बांबू सोडवला. कोणीतरी पंखे लावले. सात वाजेपर्यंत प्रयागबाईंचं काही उरलं नव्हतं आणि दीडशे माणसांचे तळवे हिरवे, पिवळे, तांबडे झाले होते.

जेवणं सुरू झाली तेव्हा मिनल बाहेरच्या नळावर पाय धुवत होती. ऋषिकेश तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तीन वाजल्यापासून मनात जुळवलेली वाक्यं त्यानं एकदमच बाहेर काढली. "चुकलंच माझं. तो मोठा लाइट लावाचाच नव्हता. तुझी दोन दिवसांची मेहनत..."

"आजी बरोबर म्हनून राहिली होती," मिनल म्हणाली.

"काय?"

"नाक प्रयागआजीचंच झालं होतं. कालच समजलं मले. चारदा पुसलं, चारदा तेच आलं. आन् बाबा ज्याले त्याले आनून दाखवून राहिले, हुबेहूब माय म्हनून. आई तं रडलीच. मंग कोनाले सांगू?" तिनं नळ थोडा मोठा केला. "तुम्ही म्हनले लाइट पडू शकते, तवापासून मी वाट पाहून राहिली होती."

ऋषिकेशनं पँटचे पाय वर दुमडले. आतून रुपरावांचा आवाज येत होता. ते कोणाला तरी सांगत होते, की जवाईबापू दोन तास हलले नाहीत.

"मंग मले तरी सांगाचं ना," तो म्हणाला.

"कशी सांगू? तुम्ही आन् बाबा इतकं मनापासून धरून होते." तिनं वाकून त्याच्या पायावर पाणी ओतलं. "थांबा जरा. टाचेले कुंकू हाये अजून."