अप्पांचा आडवा बांबू

माझ्या घराचा स्लॅब टाकायचा होता त्या आठवड्यात सिद्रामप्पा रोज सकाळी मालट्रक व्हायचे.

खांद्यावर एक बांबू आडवा घ्यायचा, त्याच्या दोन्ही टोकांना लाल चिंधी बांधायची आणि गल्लीच्या तोंडापासून माझ्या प्लॉटपर्यंत सावकाश चालत यायचं. बांबू ट्रकच्या रुंदीचा कापलेला. तो कुठे अडला की अप्पा तिथेच उभे राहायचे आणि हाक मारायचे, "गाडी अडली की हितं! कुनाची बाज हाय ही?" बाज उचलेपर्यंत गाडी हलत नसे. समोरच्या नरसूबाई चादरी विणणाऱ्या घरातल्या, जिभेने तिखट. त्या दारातून विचारत, "अप्पा, हॉर्न कुठाय तुमचा?" अप्पा गंभीरपणे "पों" म्हणत आणि पुढे जात.

आमची वसाहत अक्कलकोट रोडला, पुढे जुनी घरं आणि मागे नवे प्लॉट अशी. दोन्हींना जोडणारी गल्ली एकच. तिच्या तोंडाशीच अप्पांचं घर. गिरणीत जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम होते, निवृत्त झाले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्यांच्या घराला दार होतं, पण दाराला वरची चौकट नव्हती. दारावरची भिंत थेट पत्र्यापर्यंत फोडलेली, आणि त्या भोकावर एक पोतं लोंबत असे. चिमण्या आत-बाहेर करत. हिवाळ्यात अप्पा रात्रभर खोकत, पण भिंत काही बुजवत नसत. गवंडी हणमंतूने एकदा फुकट बुजवून देतो म्हटलं, तर त्याच्याशी महिनाभर अबोला धरला.

अप्पांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "आलं कसं ते सोडा. जानार कसं?" आम्ही तेव्हा त्याच गल्लीत भाड्याने राहत होतो; आमच्याकडे लोखंडी कपाट आलं तेव्हा हमालांना त्यांनी हेच विचारलं. माझा मेहुणा जेऊरहून आला, पिशवी खाली ठेवतोय तोवर अप्पा दारात हजर. "आला खरं. जानार कसं?" मेहुणा संध्याकाळच्या गाडीने परत गेला. बायको माझ्याशीच बोलेना.

काँक्रीटचा मिक्सर भाड्याने बार्शीहून यायचा होता. त्या वेळी सोलापुरात यंत्र सहज मिळत नसे. एकच दिवस मिळणार होता. संध्याकाळी ट्रक त्याला ओढून परत नेणार, कारण दुसऱ्या दिवशी तो दुसरीकडे कबूल केलेला. माझी चिंता स्लॅबची होती. स्लॅब मध्येच थांबला तर सांधा राहतो आणि पुढे जन्मभर गळतो. अप्पांना स्लॅबचं काहीच नव्हतं. त्यांनी जागा मात्र अशी तयार करून घेतली की हणमंतूही थक्क झाला. मिक्सरच्या चाकांखाली फरश्या टाकल्या, वाळू एका बाजूला, खडी दुसऱ्या बाजूला, पाण्याची पिंपं भिंतीलगत. मधली वाट मोकळी. कुणी त्या वाटेवर घमेलं जरी ठेवलं तरी ओरडत, "तडी री!" थांबा, असं कानडीत.

भांडण झालं ते फाटकाच्या खांबावरून. बायकोच्या हौसेसाठी मी दोन दगडी खांब आधीच बांधून घेतले होते. अप्पा म्हणाले, "भाऊ, एक खांब काढा."

मी टेप लावून दाखवला. मिक्सर एवढा, फाटक एवढं, दोन्हीकडे वीतभर जागा उरते.

"टेप खरं बोलतोय, व्हय. पर अडलं तर?"

"अडणार नाही, अप्पा. माप घेतलंय."

"माप घेतलं, ब्येस केलं," एवढंच म्हणून ते गेले. चेहरा मात्र उतरलेला.

स्लॅबच्या दिवशी मिक्सर सुखरूप आत आला. इंजिन धडधडू लागलं, घमेली वर चढू लागली. सगळ्यांच्या माना वर, स्लॅबकडे. अप्पा एकटे फाटकात, त्या खांबाला पाठ लावून उभे. जेवायला बोलावलं, आले नाहीत. चहा नेऊन दिला, तो हातात गार झाला.

उन्हं कलली तेव्हा स्लॅब पुरा झाला. मिक्सर धुतला, ट्रकला जोडला. अप्पा बांबू टाकून पुढे झाले आणि ट्रकच्या गतीने उलटे चालू लागले. दोन्ही हात पुढे, आवाज अगदी हळू. "सावकास. सावकास." मिक्सर खांबांमधून वीतभर जागा राखून निघून गेला.

"अप्पा, हत्ती बी गेला असता की ह्यातनं!" हणमंतू ओरडला. माणसं हसली.

अप्पा हसले नाहीत. धुरळा बसेपर्यंत गल्लीकडे बघत राहिले, मग मटकन खडीवर बसले. मी शेजारी बसलो.

"भाऊ, तिचं विमान मी आत बांदलं हुतं."

मला उमगायला क्षणभर वेळ लागला. त्यांच्या लिंगायत समाजात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. बांबूचं विमान बांधून, त्यात बसवून, फुलांनी सजवून नेतात. आणि ते बांधतात अंगणात.

"भायेर गारा पडत हुत्या. म्हनलं, भिजंल ती. म्हून आत बांदलं. हौसेनं उंच कमान केली, केळीचे खुंट लावले. तिला बसवली. लई ब्येस दिसत हुती, भाऊ. आन दारातनं निघंना." ते थांबले. "लोक म्हनले, कमान तोडा. मीच तोडली. तिच्या डोक्यावरची फुलं खाली पडली. तरी बी निघंना. मग तिला उतरवून हातावर भायेर न्हेली. नवरी हून त्याच दारानं आली हुती की. जाताना मी मापच घेतलं न्हाय."

हणमंतूने फावडी गोळा केली आणि माणसं एकेक करून पांगली.

अप्पा उठले, बांबू उचलला आणि खांद्यावर आडवा घेऊन निघाले. मी थोडं अंतर ठेवून मागोमाग गेलो. गल्लीच्या तोंडाशी, आपल्या दारापुढे ते थांबले. बांबू खांद्यावरून उतरवून दोन्ही हातांनी उभा धरला. एका हाताने पोतं बाजूला सारलं. बांबू कुठेही न टेकता, न वाकवता, त्या उंच दारातून आत शिरले.

"सावकास," असं म्हणताना मी त्यांना ऐकलं. घरात दुसरं कुणी नव्हतं.