खंडेनवमीस किल्ली मुकी जाहली त्याची बखर

॥ श्रीगजवदन आधी, कुलस्वामिनी त्यामागून, आणि लेखणी सर्वांचे शेवटी ॥ हुजुरांची आज्ञा जाहली की, खंडेनवमीचे दिवशी राज्यात जो अनर्थ गुजरला तो जैसा देखिला तैसा लिहून ठेवणे, पदरचे तिखटमीठ लावू नये. म्हणोन सेवक लिहितो. शालिवाहन शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन शुद्ध नवमी. संवत्सराचे नावच क्रोधी, तेव्हा आम्ही सावध असावयास हवे होते, परंतु नव्हतो. राज्य म्हणजे तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्या, पूर्वेस गॅलरी आणि तळी गाड्या ठेवावयाची जागा. गादीवर श्रीमंत मुकुंदराव महाराज. हे पेढीवरील चाकरीतून निवृत्त जाहलेले, आणि त्यांस पेचकसाचा षौक. जे यंत्र चालत असेल ते उघडून पाहावे, आणि उघडून पाहिले म्हणजे ते चालत नसे, मग ते का चालत नाही म्हणोन पुन्हा उघडावे, ऐसा राज्याचा क्रम होता. महाराजांच्या मातोश्री आऊसाहेब ऐंशीच्या पुढे गेलेल्या; त्यांस वर्तमानपत्रातील शब्दकोड्याचा षौक, भिंग लावून आडवे उभे शब्द सोडवीत, आणि सवड मिळेल तेव्हा घरची माणसेही सोडवीत. राजकन्या मृण्मयी घरी बसूनच लॅपटॉपवर नोकरी करीत. त्यांचा षौक ऋतूगणिक पालटे, मातीची भांडी जाहली, पळणे जाहले, सांप्रत गिटार चालू होती. युवराज कॅनडा मुलुखी चाकरीस होते, त्यांचे नाव पुढे एकदाच येईल आणि ते चांगल्या कारणाने नव्हे.

आता राणीसाहेब हेमलताबाई. त्यांस भातुकलीचा षौक. बोटाच्या पेराएवढा पाणी तापवावयाचा बंब, तेवढीच शेगडी, पाटा, वरवंटा, रोवळी, पुरणयंत्र, शेवयांचा पाट, ऐसा अवघा संसार त्यांनी पितळेचा पत्रा कापून, ठोकून, घासून स्वहस्ते सिद्ध केला होता. यास पंचवीस वर्षे लागली. पंचवीस वर्षे महाराज त्यास "तुझी खेळणी" म्हणत आले आणि पंचवीस वर्षे राणीसाहेब हसून गप्प राहिल्या. मागील साली नदीपलीकडील सभागृहात जुन्या भांड्यांचे प्रदर्शन भरले, तेथे राणीसाहेबांस एक टेबल मिळाले, आणि सर्व मंडळी गाडीत बसोन निघाली, तो ऐन पुलावर गाडी बसली. बसली ती बसलीच. खोकी कुशीत घेऊन राणीसाहेब पुलाच्या कठड्याशी सायंकाळपावेतो उभ्या राहिल्या, मग परत आल्या. यंदा पुन्हा बोलावणे आले, परंतु प्रदर्शनवाल्या बाईंनी बजाविले की, या खेपेस चारच्या आत न आलात तर टेबल दुसऱ्यास देऊ, आणि पुढील सालापासून विचारणारही नाही. म्हणोन राणीसाहेबांनी अष्टमीचे सायंकाळीच सर्व भांडी कापसात गुंडाळून तीन खोक्यांत भरिली आणि खोकी गाडीचे डिकीत ठेविली, की आयत्या वेळी धांदल नको.

नवमीचे सकाळी रीतीप्रमाणे शस्त्रपूजा जाहली. पूर्वी तरवारी पूजीत, आता राज्यात तरवार नाही, म्हणोन पाटावर मिक्सर, लॅपटॉप, मोबाइल, इस्त्री, वायफायची पेटी, महाराजांचे पेचकस आणि गाडीची किल्ली ऐसे मांडून राणीसाहेबांनी हळदकुंकू लाविले, अक्षता टाकिल्या, झेंडूची फुले वाहिली आणि खिरीचा नैवेद्य दाखविला. मग जेवणे जाहली आणि दोन वाजता अवघे राज्य नटून थटून खाली उतरले. महाराजांनी किल्ली गाडीसमोर धरोन गुंडी दाबिली. काही जाहले नाही. पुन्हा दाबिली. गाडीने दिवा लाविला नाही की शीळ घातली नाही. मग महाराजांनी किल्ली काचेस टेकवून दाबिली, बोनेटवर ठेवून दाबिली, आऊसाहेबांचे हाती देऊन दाबविली. गाडी म्हणजे जणू ओळखच नाही. किल्ली मुकी जाहली होती. आणि खोकी आत होती. हे ध्यानी आले तेव्हा राणीसाहेब पायरीवर बसल्या.

दुसरी किल्ली कोठे, ऐसा प्रश्न जाहला, तेव्हा महाराजांचा चेहरा उतरला. युवराज मागील मे महिन्यात येऊन गेले, ते जाताना दुसरी किल्ली खिशातच घेऊन गेले होते. म्हणजे राज्याची एक किल्ली मुकी आणि एक सातासमुद्रापार. मग कंपनीस फोन लावावा ऐसे ठरले, तो राजकन्येचा मोबाइल निपचित. पूजेनंतर चार्जिंगला लाविला होता, परंतु पाहतात तो चार्जिंगच्या भोकात पूजेच्या अक्षतेचा एक अखंड तांदूळ रुतलेला. महाराजांचा मोबाइल तर त्यांनी चतुर्थीसच उघडिला होता, त्याविषयी काय लिहावे. वर धावत जाऊन लॅपटॉपवर शोध करावा म्हटले तर वायफायच्या पेटीवर ओला झेंडू पडला होता आणि पेटीने प्राण सोडिला होता. एका दिवसात एवढी पडझड आम्ही पाहिली नव्हती. शेवटी आऊसाहेबांच्या गुंड्यांच्या जुन्या मोबाइलवरून कंपनीस विचारिले, तेथील बाईंनी मोठ्या गोडीने सांगितले की सण आहे, माणूस परवा येईल, आणि दसऱ्याच्या आगाऊ शुभेच्छाही दिल्या.

तेव्हा राजकन्येचा तोल गेला. तिने तांदूळ बोटावर धरोन आईस दाखविला आणि म्हणाली, "आई, तुला किती वेळा सांगितलं, या वस्तूंना पाणी, अक्षता काही लावायचं नसतं. किल्लीलाही शिंपडलं असशील. आता बघ, तुझंच नुकसान झालं." राणीसाहेब एवढेच बोलिल्या, "किल्लीला मी कोरडं कुंकू लावलं गं. नेहमीसारखं." परंतु तांदूळ समोर होता आणि झेंडूही ओला होता, तेव्हा ते कोणास पटले नाही. शेजारचे पेंडसेकाका गाडी पुसत होते, त्यांनीही मान हलविली की, इलेक्ट्रॉनिकला ओलावा चालत नाही वहिनी. आणि महाराज? महाराज गाडीचा पुढील टायर न्याहाळीत उभे राहिले. त्यांनी राणीसाहेबांची बाजू घेतली नाही, दोषही दिला नाही, टायरात ऐसे काय होते देव जाणे. राणीसाहेबांनी एकवार त्यांजकडे पाहिले, मग पदराने तोंड पुसले. सेवकास तेसमयी फार वाईट वाटले, हे लिहावयास हरकत नसावी.

तिकडे आऊसाहेब प्लास्टिकच्या खुर्चीवर बसोन होत्या. किल्ली त्यांचे शेजारी कट्ट्यावर ठेविली होती. त्यांनी भिंग काढिले, आम्हांस वाटले शब्दकोडे काढितात, तो त्यांनी भिंग किल्लीवर धरिले. कट्ट्याच्या फटीतून मुंग्यांची फौज निघाली होती, ती शिस्तीने एकामागे एक कूच करीत किल्लीवर चढत होती आणि गुंड्यांच्या खाचांतून आत शिरत होती. आऊसाहेबांनी बराच वेळ पाहिले. मग भिंग मिटवून शांतपणे बोलिल्या, "मुंग्या कुंकवाला येत नाहीत, मुकुंदा. मधाला येतात."

राज्यात मध एकच मनुष्य खात असे. पोट उतरावे म्हणोन महाराज रोज पहाटे ऊन पाण्यात मध घेत, आणि बाटली उंच फळीवर ठेवीत, जेथे इतरांचा हात पोहोचत नसे. सर्वांच्या नजरा महाराजांकडे वळल्या. त्यांनी टायर सोडिला, चष्मा काढिला, पुन्हा घातला, आणि मग मान खाली घालून बोलिले ते ऐसे: "गेल्या वर्षी पुलावर ही खोकी घेऊन उभी होती ना, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. म्हटलं, आज गाडी वाटेत बसू नये, तर तिला पंचामृताचं स्नान घालावं. पण खाली सगळ्यांसमोर गाडीला दूधदही कसं घालणार, लोक हसतील. म्हणून पहाटे किल्लीलाच घातलं. ताम्हनात. नंतर पुसून पाटावर ठेवली." आणि राणीसाहेबांकडे वळून, "तुला बोलत होते तेव्हा मी बोलायला हवं होतं. लाज वाटली."

दूध, दही, तूप, मध, साखर, आणि त्यात गाडीची किल्ली! सेवकाने नाना वर्तमाने लिहिली, परंतु ऐसे वर्तमान लिहिताना हात थांबला. राजकन्येचे तोंड उघडे ते उघडेच. पेंडसेकाकांचे हातून फडके गळाले. ज्या मनुष्याने आजवर देवास हात जोडिताना घड्याळ पाहिले, आणि भातुकलीस खेळणी म्हटले, त्याने पहाटे उठोन, एकट्याने, ओवाळून ओवाळून किल्लीस अभिषेक करावा, आणि तोही खेळण्यांसाठी! राणीसाहेब रागावतील की रडतील, आम्हांस काही अंदाज लागेना. त्या यातले काहीच न करिता हात पुढे करोन बोलिल्या, "आणा ती इकडे."

किल्ली हाती घेऊन त्यांनी मुंग्या फुंकरीने उडविल्या. मग बटव्यातून एक पितळी उलथने काढिले, करंगळीच्या नखाहून थोडे लांब. ते काल घासावयाचे राहिले म्हणोन तेवढेच खोक्यात गेले नव्हते. त्याचे टोक त्यांनी किल्लीच्या कडेच्या खाचेत घालून हलकेच उचकटिले, आत मध ओघळला की काय हे पाहावयास. तो किल्लीचे पोटातून दुसरी किल्ली निघाली, लोखंडाची, साधी, दात असलेली. सर्व थक्क. दहा वर्षे गाडी राज्यात आहे, आणि महाराजांनी राज्यातील एकूण एक यंत्र उघडिले, एक किल्लीच उघडावयाची राहिली होती, आणि गाडीबरोबर आलेली पुस्तिका तर प्लास्टिकातूनही काढिली नव्हती. पेंडसेकाका बोलिले की वहिनी, तुमचं उलथनं भारी.

त्या किल्लीने पुढले दार उघडले, आणि उघडताच गाडीने ऐसा आक्रोश मांडिला की आवारातील तिन्ही इमारतींतील लोक गॅलरीत आले. गाडी चालू तर होईना, कारण तिला मुकी किल्ली ओळखू येईना. डिकीस किल्लीचे भोक नव्हते, आणि तिची आतली कळ महाराजांनी श्रावणात दुरुस्त केली होती, त्यामुळे तीही चालेना. मागली बैठक अर्धीच वाकली, त्या फटीतून मनुष्य जाई परंतु खोके येईना. तेव्हा महाराजांनी नवा सदरा न पाहता स्वतः त्या फटीतून डिकीत प्रवेश केला, खोकी आतच सोडिली, आणि एकेक भांडे कापसातून काढून बाहेर देऊ लागले. भोंगा बोंबलत होता, आत उकाडा होता, घाम गळत होता, आणि प्रत्येक भांडे देताना महाराज ओरडून विचारीत की हे काय, आणि राणीसाहेब ओरडून सांगत की रोवळी, मग हे काय, तर सांडशी, मग हे, तर दुधाचं फडताळ, दार उघडतं त्याचं, जपून. राजकन्या पानात पदार्थ वाढितात तैसे एकेक ओढणीवर ठेवीत होती. ती मध्येच आईजवळ जाऊन काही बोलिली, ते भोंग्यात आम्हांस ऐकू आले नाही, परंतु राणीसाहेबांनी तिच्या गालास हात लाविला. वरून लोक भोंग्याचे भांडण करावयास उतरले ते ओढणीभोवती उकिडवे बसोन पाहू लागले, आणि भांडण विसरले.

शेवटल्या खोक्याच्या तळाशी एक वस्तू राहिली. ती हाती आली तेव्हा महाराजांनी "हे काय" ऐसे विचारिले नाही. म्हणोन राणीसाहेब वाकून पाहावयास गेल्या. महाराज डिकीत गुडघे मोडून बसले होते आणि तळहातावर एक आरामखुर्ची होती, पितळेची, वेताचे विणकामही तारेने केलेले, आणि खुर्चीच्या हातावर तांदळाएवढा पेचकस. त्याच वेळी भोंगा दमून बंद जाहला. महाराजांनी विचारिले, "हे कधी केलंस?"

राणीसाहेब बोलिल्या, "पहिलं हेच केलं होतं. म्हणून तळाशी आहे."

पुढील वर्तमान थोडके. राज्य दोन रिक्षांत बसोन निघाले, भांडी मांडीवर, आणि चारला थोडा अवकाश असता टेबलाशी पोहोचले. गाडी जागीच राहिली, मुंग्यांसह. परवा येणारा माणूस तीन दिवसांनी आला आणि किल्ली हुंगून निमूट गेला. मध महाराजांनी वर्ज्य केला.

सारांश लिहितो. त्या दिवशी राज्यातील मोबाइल, वायफायची पेटी, किल्ली आणि गाडी ही सर्व निकामी ठरली, आणि एक उलथने कामास आले. प्रदर्शनात महाराज टेबलामागे उभे राहोन येणाऱ्या जाणाऱ्यास प्रत्येक भांड्याचे नाव सांगत होते, आणि एकही चुकले नाही, हे ऐकून राणीसाहेबही चकित जाहल्या. खुर्ची कोणाची, ऐसे एका लहान मुलीने पुसिले, तेव्हा मात्र महाराज पाणी पिऊन येतो म्हणोन बाहेर गेले. देखिले ते लिहिले, लेखणी खाली ठेविली.