धोंडुबाईच्या दारात थांबलेलं पाणी

चालू

शमशेरभाई उद्या रुखवतात जायच्या गाद्यांना टाके घालत होते, तेवढ्यात काउंटरवरच्या लॅपटॉपमध्ये पाणी आलं.

अकिला, त्यांची इंजिनिअरिंगची पोरगी, झेरॉक्सला गेली होती. पडद्यावर सांगलीचा नकाशा होता. कृष्णेची निळी रेघ फुगली, तिनं घाट गिळला, चौक गिळला आणि ती त्यांच्या गल्लीत वळली. 'शमशेर गादी सेंटर' लिहिलेला चौकोन निळा झाला. शमशेरभाईंच्या हातातली सुई गळाली. मागच्या पुरात त्यांनी भिजलेला कापूस फावड्यानं उपसून टाकला होता.

बाहेर लख्ख ऊन होतं. पण सांगलीकराला उन्हाचं काय सांगता? पाऊस लांब कुठंतरी पडतो, पाणी इथं येतं.

त्यांनी एक गादी डोक्यावर घेतली आणि गच्ची गाठली. खाली येऊन बघतात तर पाणी ओसरलेलं. सुस्कारा सोडेपर्यंत ते पुन्हा चढलं. त्यांनी दुसरी गादी उचलली.

"शमशेरभाई, गाद्या वर का न्यायलाय?" समोरच्या धोंडुबाईनं विचारलं.

"पूर!"

"कवा यायचाय?"

"दोनदा येऊन गेला!"

धोंडुबाईनं पुढं विचारलंच नाही. पिठाचा डबा उचलून ती माडीवर पळाली. तिला बघून गल्लीनं गॅसच्या टाक्या उचलल्या. शेजारच्या बाळासोनं तर म्हैस शमशेरभाईंच्या जिन्यानं वर ढकलली.

थांबा

अकिला परतली तेव्हा सामान वर टाकून सगळी गल्ली पूर बघायला दुकानात लॅपटॉपपुढं गोठून उभी होती.

"अब्बा, हे जुन्या पुराचे आकडे हायेत. प्रोजेक्टचं ॲनिमेशन. संपलं की आपोआप परत सुरू होतंय."

"मग थांबव की, पोरी!"

तिनं बटण दाबलं. पाणी थांबलं.

"माझ्याच दारात थांबवलंस व्हय?" धोंडुबाई कडाडली.

"मावशी, खरं न्हाई हे."

"नसू दे. मागं घे."

मागे

अकिलानं एक घर मागं घेतलं.

"ए, माझ्या गोठ्यात का?" बाळासो ओरडला.

आणखी एक घर. आणखी एक ओरडा. शेवटी तिनं पट्टीवरचा ठिपका बोटानं पार डावीकडं ओढला. चौक कोरडा झाला, घाटाच्या पायऱ्या उघड्या पडल्या, नदी मुकाट्यानं पुलाखाली जाऊन बसली. मग धोंडुबाईनं अकिलाच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"पोरीनं पूर फिरवला गं बाई!"

पुन्हा चालू

गल्ली सामान उतरवायला लागली. शमशेरभाई हलक्या पावलांनी गच्चीवर गेले आणि दारातच खिळले.

रुखवताच्या गाद्यांवर म्हैस बसली होती. ऐसपैस, रवंथ करत. तिच्या खालून कापूस ओला होत होत कडेपर्यंत आला होता.

"लय भ्याली वो ती," मागून बाळासो म्हणाला. "पुराचं नाव काढलं की तिचं असंच हुतंय."

शमशेरभाईंनी गच्चीच्या कठड्यावरून खाली वाकून बघितलं. लॅपटॉप बगलेत मारून अकिला दुकानाच्या दारात उभी होती.

"अकिला," ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "अजून जरा मागं घे की गं!"