परब सरांचा वाकलेला दगड

आमचे परब सर रोज सकाळी एका दगडाला आंघोळ घालतात. कळशी त्यांची, दगड माझ्या जागेतला.

कणकवलीच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर भूगर्भशास्त्र शिकवलं. आता ते माझे शेजारी आहेत, हे माझं नशीब. पाणी पडलं की दगडावर काळे-पांढरे पट्टे उठतात, लुगड्याच्या चुण्यांसारखे नागमोडी. "बघ बाबल्या," सर म्हणतात, "अब्जावधी वर्सांचो. दबलो, तापलो, वाकलो, पण मोडूक नाय." हेच ते एसटीत चेपलेल्या स्वतःच्या छत्रीबद्दलही म्हणतात.

मी डोक्यावर पाटी घेऊन काजू विकले, तेव्हा कुठे ही काजूची शेड उभी राहिली. आणि तो दगड नेमका गेटाच्या तोंडात. फोडायला माणसं आणली. त्यांनी ओला दगड बघितला, त्यावरची जास्वंदीची फुलं बघितली आणि पहारी खाली ठेवल्या.

"मालक, हो राखणदाराचो दगड. आमी हात लावचो नाय."

एकाने तर देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. बाकीचे हात जोडून "व्हय महाराजा" म्हणू लागले.

दगड वाचला होता. सरांनी गप्प राहायचं की नाही? पण ते कुंपणावरून ओरडले, "देव नाय रे तो, खडक आसा. फुलां माझ्या झाडाची पडतत."

माणसांनी पहारी पुन्हा उचलल्या. हातातला सौदा असा घालवणारा माणूस मी बाजारात पाहिलेला नाही. माझं काम होत होतं, तरी मीच तडकलो. "मग सरांनू, रोज पाणी कित्याक घालतास?"

सर कुंपणावर रेलले. "हेचो दुसरो तुकडो मादागास्करात आसा. आदी जमीन एकच होती, मगे मधी समुद्र इलो. माझो झिल बोटीवर होतो ना, तो थंयच रवलो. घर केल्यान. फोन करता, कधीमधी." मुलाचं एवढंच सांगून ते दगडाकडे बघत म्हणाले, "हयलो तुकडो भिजवलंय काय बरा वाटता."

मी दगड तसाच ठेवला आणि गेटच बाजूला हलवलं. पण फुकट नाही. आता ट्रक उलटा आत घ्यावा लागतो, तेव्हा मागे उभं राहून सरांनी रस्ता दाखवायचा, अशी अट घातली. सर वेळेच्या आधीच शिट्टी घेऊन हजर असतात.

ट्रक नसेल त्या दिवशी मी रिकामी जीप बाहेर काढतो आणि उलटी आत घेतो. डिझेल माझं जळतं, आणि वर ऐकून घ्यावं लागतं, "बाबल्या, तुका अजून गाडी मागे घेवक येणा नाय."