सुभेदारांना पत्र्या मारल्या

सुभेदार हंबीरराव मोहिते फौजेतून मलकापूरला परतले ते एक वेड घेऊनच. छावणीत दर शनिवारी पडदा बांधून इंग्रजी नाचगाण्याचे सिनेमे दाखवत. त्यातली माणसं भांडताना गात, पत्र वाचताना नाचत आणि काळ्या बुटांनी लाकडी जिन्यावर असा ताल धरत, की ढोलकीवाल्यानं हात जोडावेत! एकदा तरी तो आवाज आपल्या बुटांतून निघावा आणि तो बायकोनं ऐकावा, एवढीच इच्छा त्यांची उरली होती.

बायकोची, म्हणजे बायडाबाईंची, इच्छा वेगळी होती. कानपुरात सोनं गाळण्याचं दुकान असलेल्या थोरल्या भावानं, नानासोंनी, विट्यात घर बांधलं होतं. आज वास्तुशांत.

"आवं, आजच्या दिवस तरी शान्यासारखं वागा. माज्या माहेरात मला मान खाली घालाय लावू नगा."

"मी कवा येड्यासारखं वागलोय?" असं म्हणत सुभेदार तडक सिद्धूकडे गेले. सिद्धू बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारायचा. नाचाच्या बुटांना खाली लोखंड असतं, हे सुभेदारांनी छावणीत नीट बघून ठेवलं होतं.

"बूट काडून देतो. मार पत्र्या."

"मोकळ्या खुराला पत्री मारलेली कुनी बगितलीया व्हय? पाय आत पायजे. पडा आडवं."

"आरं, मी काय बैल हाय?"

"बैल बी सुरवातीला असाच फुरफुरतोय."

सिद्धूच्या हाताला वळण पडलेलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सुभेदार कडब्यावर आडवे, दोन्ही पाय कासऱ्यानं बांधलेले. खुराला दोन या रीतीनं चार पत्र्या बसल्या. खिळे बाजूनं बाहेर काढून वळवले, तेही रीतीनं. त्यात बूट, नाडी आणि लोकरीचा मोजा एका खिळ्यात आवळले गेले. काम झाल्यावर सिद्धू पकडीसकट बैलबाजाराला निघून गेला आणि मग सुभेदारांना कळलं, की बूट निघत नाहीत.

बायडाबाईंनी विळी लावून बघितली. फौजेचे बूट ते! विळीचीच धार गेली. यष्टीची वेळ झाली होती.

"आता चला तसंच," त्या दात-ओठ खात म्हणाल्या. "पर दारातच बसायचं. आत पाऊल टाकलं तर माजं त्वांड बगू नगा."

सुभेदार विट्यात खडखडत उतरले, तेव्हा अड्ड्यावरचे दोन बैल उठून उभे राहिले.

नानासोंच्या घराचं खरं भूषण म्हणजे फरशी. पांढरीशुभ्र, घोटून घोटून आरसा केलेली. तिच्यापायी दारात चपलांचा ढीग पडला होता.

"पावणं, बूट काडा आनि या की आत!"

"निगत न्हाईत. पत्र्या मारल्यात."

नानासो पोट धरून हसले. "लय गमत्ये तुमी!" असं म्हणून त्यांनी मेहुण्याला हाताला धरून आत ओढलं.

आणि सुभेदार सुटले! डावा पाय स्वयंपाकघराकडे, उजवा होमाकडे. पडू नये म्हणून डावा आपटला, तो घसरला म्हणून उजवा आपटला. खट्-खट्-खटाखट! खांबाला धरलं तर गिरकी बसली, गिरकीतून सुटले ते उलटे निघाले. भटजींनी ताम्हण उचलून छातीशी धरलं. अखेर सुभेदार एका गुडघ्यावर, दोन्ही हात पसरून, नानासोंच्या आईपुढे, राहीबाईंपुढे, येऊन थांबले.

फरशीवर दारापासून आतपर्यंत ओरखडे उठले होते. नानासोंचा चेहरा पिठासारखा झाला. बायडाबाईंची मान खाली गेली.

ऐंशीच्या राहीबाईंनी बोळकं उघडलं. "जावाय, पुन्यांदा."

मग मात्र अख्ख्या घरानं "वन्समोर!" करून छत डोक्यावर घेतलं. नानासो तेवढे फरशी पुसत बसले.

परतताना बायडाबाई यष्टीत सुभेदारांच्या डाव्या बुटाकडे एकटक बघत बसल्या. संपलं आता, सुभेदारांच्या मनात आलं. त्यांना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सिद्धूनं पकडीनं खिळे उपटले. तेवढ्यात मागून बायडाबाई आल्या. त्यांनी पदराखालून आपल्या वहाणा काढल्या आणि सिद्धूपुढे टाकल्या.

"ह्यांचा डावा पाय ठेक्याला मागं पडतोय. संगं कुनीतरी पायजे," त्या म्हणाल्या. "येकयेकच पत्री मार. आनि आदीच सांगते, मी आडवी पडनार न्हाई."