हंसनौकेच्या स्वारीची हकीकत

ही हकीकत लिहिणेविषयी कोणाचा हुकूम जाहला नाही. कोणी पुसिलेही नाही. परंतु पराक्रम घडोन गेला, आणि तो पाहणारांपैकी निम्मे लोक हसत होते व बाकीचे आइसक्रीम खात होते, यास्तव खरे काय ते लिहोन ठेवणारा एक तरी इसम असावा, म्हणोन बखरकाराने बैठक मारिली, नाक शिंकरिले आणि आरंभ केला. यात पदरचे एक अक्षर नाही. थोडी सजावट आहे, ती कोठे आहे हे वाचकांस आपोआप कळेल.

तर उपनगरात बसथांब्याजवळ राजश्री चष्मेवाले म्हणोन एक सरदार चष्म्यांचे दुकान चालवीत होते. मुलूख म्हणावा तर एक दुकान आणि तीन खोल्यांचे घर. शिबंदी म्हणावी तर एक मदतनीस, तोही निम्मा वेळ रजेवर. उंची बेताची, शौर्य त्याहोन बेताचे, पण मसलत करावी तर त्यांनीच आणि ती फसावी तरी त्यांचीच, ऐसा लौकिक. त्यांच्या कुटुंब ताईसाहेब सरकारी दवाखान्यात सिस्टर, मुलांस लस टोचण्याचे खाते त्यांजकडे. माहेर राजधानीचे. लग्न होवोन या उपनगरी आल्या आणि येथल्याच जाहल्या.

ताईसाहेबांचे थोरले बंधू दादासाहेब. राजधानीत ढगांचे शेजारी कोठल्याशा मजल्यावर राहात. बहिणीवर माया अपार, परंतु बहिणीच्या गावावर भारी खप्पा मर्जी. वर्षातोन एकदा गाडी घेवोन भेटीस येत, आणि दर खेपेस ताईसाहेब पहाटेच उठोन मागल्या खोलीतील पलंगावर निळ्या किनारीची चादर अंथरीत, उशीस अभ्रा चढवीत, पाण्याचा तांब्या भरोन ठेवीत. मग दादासाहेब जेवोन, हात पुसोन, घड्याळ पाहोन फर्मावीत की, "निघतो गं. संध्याकाळी इथे करायचं काय?" आणि ऊन आहे तोच कूच करीत. मग ताईसाहेब मागल्या खोलीत जात आणि न वापरलेली चादर घडी करोन कपाटात ठेवीत. चष्मेवाल्यांस मेहुण्यांच्या मुक्कामाची फार हौस होती ऐसे नव्हे. खरे बोलावे तर पाहुणा गेला की त्यांस पंखा आपल्याकडे फिरविता येई. पण ती चादर घडी करणारी बायको त्यांच्याच्याने पाहवत नसे. दर वर्षी ते त्या वेळी दुकानाचे काही काम काढोन बाहेर पडत आणि बसथांब्यावर उगाच उभे राहात.

यंदा दादासाहेबांच्या स्वारीची इतल्ला येताच चष्मेवाल्यांनी आरशापुढे दाढी करिता करिता मसलत केली, ती ऐसी: पाहुण्यास घरात बसो देणे नाही. आपल्या मुलखात पाहण्याजोगी जी स्थळे, ती एकामागोन एक दाखवीत संध्याकाळ करावी, म्हणजे पाहुणा आपसूक राहील. ही मसलत त्यांनी ताईसाहेबांस कानात सांगितली. ताईसाहेब म्हणाल्या, "तुम्हाला तरी ती स्थळं माहीत आहेत का?" चष्मेवाले म्हणाले, "म्हणजे काय!" आणि दुसरे दिवशी दुकानात गिऱ्हाइकांस चष्मे लावता लावता एकेकास पुसोन घेतले.

नेमल्या दिवशी दादासाहेब दाखल जाहले. बुटांची नाडी सैल केली, पण बूट दूर ठेविले नाहीत, दाराशी निघण्याच्या तोंडानेच ठेविले. चादर मागे अंथरलेलीच होती. मग जेवणे उरकोन फौज बाहेर पडली. रसद म्हणोन थर्मास, चिलखत म्हणोन उन्हाच्या टोप्या. तोफांचे आवाज जाहले म्हणावे तर लबाडी होईल. डिकीचे झाकण आपटले, इतकेच. गाडी दादासाहेबांचीच, कारण चष्मेवाल्यांच्या स्कूटरवर तिघे मावत नाहीत.

पहिला मोर्चा जुन्या जकातघरावर. ही एकदालनी इमारत, आता संग्रहालय. आत एक मोठा तराजू, काही वजने, एक कुलूप ज्याची किल्ली नाही, एक किल्ली जिचे कुलूप नाही, आणि दाराशी एक तोफ. हे सारे सांभाळणारे निवृत्त मास्तर बहुत दिवसांनी श्रोते मिळाले म्हणोन उठोन उभे राहिले आणि त्यांनी तराजूपासोन प्रारंभ केला. दादासाहेबांनी तोफेवर हात ठेवोन पुसिले की ही कोणत्या लढाईत उडाली?

"छे हो, कधीच नाही," मास्तर म्हणाले. "इथे लढाई झालीच नाही."

"म्हणजे इथे काहीच घडलं नाही?"

"काहीच नाही. म्हणून तर सगळं शाबूत आहे!"

मास्तरांनी हे बहुत अभिमानाने सांगितले. दादासाहेबांनी बहिणीकडे पाहोन ओठांच्या एका कोपऱ्याने स्मित केले, जे ती लहानपणापासोन ओळखीत होती, आणि चष्मेवाल्यांनी घाईने फौज बाहेर काढिली.

मग दुसरा मोर्चा टेकडीवर. पायऱ्या चढता चढता चष्मेवाल्यांस धाप लागली, पण सरदाराने धापा टाकणे फौजेस बरे नव्हे म्हणोन ते वाटेत थांबोन झाडांचे निरीक्षण करीत. अखेर माथ्यावर पोहोचले, आणि हात लांब करोन त्यांनी सारा मुलूख पाहुण्यापुढे मांडिला. दादासाहेबांनी डोळे बारीक केले आणि बराच वेळ पाहोन म्हणाले, "माझी गाडी दिसतेय." खरोखर दिसत होती. पार्किंग अगदी समोर होते आणि दुसरे काही तितके ठळक नव्हते. ताईसाहेब हसल्या, पण ते हसणे नवऱ्यास सावरोन घेण्याचे होते. दादासाहेबांनी मनगट वळवोन घड्याळ पाहिले. तेव्हा चष्मेवाल्यांस आजची चादर डोळ्यांपुढे दिसो लागली, घडीवर घडी, घडीवर घडी, आणि त्यांनी अब्रूची पर्वा सोडोन आरोळी दिली की, "दादा, तळं राहिलंय! तळं पाहिल्याशिवाय जायचं नाही!"

तळ्यात आरमार होते. हंसाच्या आकाराच्या पांढऱ्या नौका, दोन आसनी, पायाने चालविण्याच्या, मध्ये एक दांडा, तो वळवावा तिकडे हंस वळे. नावाड्याने बजाविले की दांडा एकानेच धरा, बाकी काही नाही. ताईसाहेब काठावर राहिल्या आणि दोघे सरदार नौकेत चढले.

आता येथे बखरकारास एक गोष्ट उघड करणे प्राप्त आहे. हे साले-मेहुणे लग्न जाहल्यापासोन एकमेकांशी कधी भांडले नव्हते, कारण एकमेकांस मान देण्यातच त्यांची सारी शक्ती जाई. दारातोन आधी कोणी आत जावे यावर दोघे उंबऱ्यात तिष्ठत उभे राहात. शेवटली पोळी एकाच्या ताटातोन दुसऱ्याच्या ताटात जाई आणि परत येई, आणि अखेर ताईसाहेब ती उचलोन आपण खात. तोच रिवाज दोघांनी पाण्यावर आणिला.

चष्मेवाले म्हणाले, "दादा, दांडा तुम्ही धरा. तुम्ही मोठे."

दादासाहेब म्हणाले, "छे छे, जावईबापू, गाव तुमचं. तुम्हीच धरा."

"असं कसं? पाहुणे तुम्ही."

"पाहुण्यानं कुठे दांडा धरायचा असतो?"

ऐसे बोलता बोलता दोघांनीही हात मागे घेतले आणि पाय मात्र चालो ठेविले. शिवाय दादासाहेब दमले असतील म्हणोन चष्मेवाले जोर करीत, आणि जावयास त्रास नको म्हणोन दादासाहेब त्याहोन जोर करीत. हंसास मोकळीक मिळाली. त्याने तळ्याच्या मधोमध दोन प्रदक्षिणा घातल्या, बदकांच्या एका तांड्याची दाणादाण उडविली, आणि पलीकडल्या लव्हाळ्यांत मानेपर्यंत शिरोन तेथेच ठाण मांडिले. पाय मारावे तो चाकांस शेवाळ गुंडाळे आणि तोंडावर उडे.

दादासाहेबांच्या कपाळी घाम. चष्मेवाल्यांच्या मनात आले की संपले, आता हा माणूस या गावात पाऊल ठेवणार नाही, आणि हे आपणच केले. त्यांनी उगाच चष्मा काढोन पुसला, तो शेवाळाने अधिकच हिरवा जाहला.

तोच काठावर गलबला उठला. आइसक्रीमवाला गाडी सोडोन धावला. नावाडी दोर घेवोन आला. जकातघर बंद करोन घरी निघालेले मास्तर छत्री उगारीत आले, कशासाठी ते त्यांसही ठाऊक नव्हते. आणि जो तो ताईसाहेबांकडे पाहोन "सिस्टर, आपलेच का ते?", "सिस्टर, घाबरू नका", "सिस्टर, हुकूम करा" ऐसे म्हणो लागला. ताईसाहेबांनी अर्ध्या गावाच्या मुलांस टोचले होते आणि त्यांच्या आईबापांस धीर दिला होता. त्या गावात त्यांचा शब्द कोण मोडणार? त्यांनी पदर खोचिला, दोन्ही हात तोंडाभोवती धरिले आणि दवाखान्यातील रडकी पोरेही गप्प होतील ऐशा आवाजात हुकूम सोडिला:

"दादा, दांडा तू धर! अहो, तुम्ही नुसते पाय मारा! आणि मान काय द्यायचा तो घरी जाऊन द्या एकमेकांना!"

सारा काठ हसला. ताईसाहेबही हसल्या, कमरेत वाकोन, डोळ्यांत पाणी येईतो. दादासाहेब पाहातच राहिले. राजधानीच्या घरी, दोघे लहान असताना, हे हसणे त्यांनी ऐकिले होते. त्यानंतर फोनवर ऐकिले ते निराळे.

दांडा धरिला तरी हंस हलेना. तेव्हा दादासाहेबांनी धैर्य करोन, बुटांसकट, त्या अथांग जळात उडी घेतली. जळ गुडघ्याइतके होते. चिखल मात्र अंमळ जास्त. मागोमाग चष्मेवाल्यांनीही उडी घेतली, आणि येथे एकाने आधी, एकाने मागोन, कोणी कोणास विचारिले नाही. मग नावाड्याने दोर फेकिला, आणि दोघांनी हंसाची मान दोहीकडोन कवळोन, ढकलीत, शिव्या देत, हसत, तो काठास आणिला.

आइसक्रीमवाल्याने आपली प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. तीवर दादासाहेब कमरेपर्यंत चिखलाने माखोन बसले. नावाडी त्यांस निरखोन म्हणाला, "हेच का दादा? सिस्टर दवाखान्यात सांगतात ना दर वर्षी, माझा दादा येणार आहे म्हणून. सुट्टी टाकतात."

आइसक्रीमवाला म्हणाला, "मग या वेळी राहणार ना?"

त्याने सहज विचारिले. ताईसाहेब एकदम वाकोन टोप्या गोळा करो लागल्या. दादासाहेबांनी घड्याळ पाहिले. त्यात पाणी शिरले होते. मग बुटांतील पाणी ओतले, पायमोजे पिळले, आणि खाली पाहोनच बोलले:

"काय गं, घरी एखादी जास्तीची चादर आहे का?"

ताईसाहेबांनी टोप्या गोळा करिता करिताच उत्तर केले, "बघते हं. असेल एखादी."

चष्मेवाल्यांनी हंसाकडे तोंड फिरविले आणि तो फार दिवसांत पाहिला नाही ऐसे त्याकडे पाहात राहिले.

ते संध्याकाळी दादासाहेबांस मानाची वस्त्रे बहाल जाहली, ती म्हणजे चष्मेवाल्यांचा जुना पायजमा, जो पाहुण्यांस नडगीपर्यंतच आला. बूट गॅलरीत वाळत पडले. शेवटल्या पोळीवरोन पुन्हा झटापट जाहली आणि ती ताईसाहेबांनीच खाल्ली. जेवणानंतर दादासाहेब म्हणाले की उद्या त्या मास्तरांकडे परत जाऊ, तराजूचं अर्धवट राहिलं. मग मागल्या खोलीचा दिवा लागला, आणि थोडक्याच वेळात घोरणे ऐको आले, आणि ताईसाहेब स्वैपाकघरात भांडी घासता घासता ते ऐकत थांबल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. आपल्याकडील जखमी: एक घड्याळ, एक चष्मा, दोन विजारी. गनिमाकडील: बदके, तीही परत आली. मुलूख म्हणावा तर एक मागली खोली काबीज जाहली. सकाळी चादर चुरगळलेली, एका बाजूने गादीतोन निघालेली, पायथ्याशी वाळला चिखल लागलेली ऐसी सापडली. ताईसाहेबांनी तिची घडी केली नाही. इतक्या वर्षांत प्रथमच ती धुवावयास टाकिली, आणि फत्तेचे निशाण म्हणोन ती निळ्या किनारीची चादर दिवसभर गॅलरीतील दोरीवर फडकत होती.